मातीचा शब्द

दगडाबाईनं साखरबाईकडं उभ्या आयुष्यात एकच गोष्ट मागितली.

"मी मेल्यावर मला जाळू देऊ नको. माती दे. आन् आमच्या जोतीरामला तू सोता येऊन सांग. माझ्या तोंडनं त्येला पटायचं न्हाय."

"सांगते की. त्यात काय आवघड हाय?" साखरबाई म्हणाली.

आणि त्यात खरंच काही अवघड नव्हतं. अवघड गोष्टी साखरबाई फार पूर्वी करून बसली होती. हल्ली तिला जमेनाशा झाल्या होत्या त्या सोप्या गोष्टी.

अवघड काळ गेला तो वाडीत. नरसिंहपूरच्या अलीकडं, नीरेच्या काठाला धरून ही वाडी. तिथं साखरबाई आणि तिचा नवरा गेणू मेंढरं राखायचे. एका पावसाळ्यात गेणूला ताप भरला, तो उतरेना. अंगारे झाले, इंदापूरची सुई झाली, देवाला बोकड झाला. मग लुनावर बसून एक पाळक आले. ख्रिस्ती मंडळी आपल्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. ह्या पाळकांनी जन्मात एक शेळीही पाळली नव्हती, त्यामुळं दारातल्या मेंढरांमधून लुना काढताना ते चिखलात आडवे झाले. वाडी अजून ते हसून सांगते. चिखलाच्या कपड्यांनिशीच ते गेणूच्या उशाशी बसले, प्रार्थना केली, पुन्हा आले, पुन्हा बसले. गेणू उठला. पाळक म्हणाले, "मी नाही उठवला." साखरबाईनं विचारलं, "मग कुणी?" त्या प्रश्नाच्या उत्तरापायी तिनं नीरेच्या पाण्यात बाप्तिस्मा घेतला.

मग वाडीला जे करायचं ते वाडीनं केलं. भावकीनं लग्नाची बोलावणी थांबवली. विहिरीवर तिच्या हंड्याशेजारी कुणी हंडा ठेवीना. कोकणात मेंढरं न्यायची वेळ आली तेव्हा तिचा कळप कुणी आपल्यात घेतला नाही. एकट्या घरानं घाट उतरणं म्हणजे लांडग्याला जेवायला बोलावणं, तेव्हा मेंढरं विकावी लागली. पोरगा मल्हार शाळेत गेला की पोरं म्हणायची, "येशू आला, सरका." साखरबाई लांबच्या कालव्यावरून पाणी आणायची आणि जाता-येता मोठ्यानं प्रभूची गाणी म्हणायची. आवाज असा भसाडा की कोण कुणाचा छळ करतंय असा प्रश्न पडावा. पहाटे चांदणी निघायच्या आत ती गुडघ्यावर असायची. वाळीत टाकलेल्या बाईला पहाटे दुसरं बोलायला तरी कोण होतं? ती देवाशी बोलायची. तो ऐकतो ह्याबद्दल तिला शंका नव्हती, कारण वाडीत तेवढा तोच ऐकत होता.

तो आणि दगडाबाई. ही शेजारीण. परसदारानं भरलेला हंडा घेऊन यायची, तो साखरबाईच्या चुलीपाशी ठेवायची आणि म्हणायची, "मी तुला पानी देत न्हाय बरं का. माझा हंडा हितं इसरून चाललीय." असा कितीतरी वेळा हंडा विसरता विसरता तिनं गाणी पाठ केली आणि एका पहाटे, कुणाला न सांगता, तीही नीरेत उतरली. मिशरी मात्र सोडली नाही.

"आगं, आता तरी सोड ती मिशरी," साखरबाई म्हणायची.

"बायबलात दारूचं लिवलंय. मिशरीचं कुठं लिवलंय ते दाव."

पाळकांनाही दावता आलं नाही.

दगडाबाईच्या घरात ह्याचा कधी तंटा झाला नाही, आणि तीच खरी अडचण होती. तिचा लेक जोतीराम सरळ माणूस. आईचा येशू त्याच्या लेखी आईच्या मिशरीसारखा होता. म्हातारीची सवय, असू द्या. त्यानं विरोध केला नाही म्हणून त्याला समजावून सांगायची वेळही कधी आली नाही. म्हणूनच दगडाबाईला साखरबाई हवी होती. घरच्या माणसाला न पटणारं बाहेरच्या माणसानं सांगितलं की पटतं, एवढं जग तिनं पाहिलं होतं.

तोवर साखरबाई बारामतीकर झाली होती. गेणू मागेच गेला. त्याला पाळकांनी आणि चार विश्वासणाऱ्यांनी माती दिली. मल्हारनं आधी पिकअप घेतली, मग दुधाचा टँकर, मग एमआयडीसीत गाड्या पुरवायचा ठेका, आणि मग बारामतीत एका सोसायटीत बंगला. माणूस कष्टाचा. त्याला कुणी नावं ठेवू नयेत.

बंगल्याला नाव काय द्यायचं ह्यावर मायलेकांचं थोडं बोलणं झालं. साखरबाई म्हणाली, येशूकृपा. मल्हार म्हणाला, "आई, मला दहा लोकांत वावरायचंय. दारावरच कशाला?" दोन दिवस विचार करून दोघांनी मधला मार्ग काढला. पाटीवर आलं 'कृपा'. येशूला गाळलं, कृपा ठेवून घेतली.

नंतरच्या गोष्टी इतक्या हळू झाल्या की त्या झाल्या असं म्हणायलाही जीभ कचरते. पहिल्या दसऱ्याला मल्हारनं गाड्यांची पूजा घातली तेव्हा साखरबाई आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. दुसऱ्या दसऱ्याला दारात उभी राहिली. तिसऱ्याला तिनं हळदीकुंकवाचं ताट धरलं, कारण सुनेच्या, राजेश्वरीच्या हातात नारळ होते आणि कुणीतरी धरायला हवंच होतं. लाकडी क्रूस बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात गेला आणि तिथून फ्रिजच्या मागच्या भिंतीवर. गादी मऊ होती, पहाटेची चांदणी खिडकीच्या पडद्यातून दिसत नव्हती. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी वचन यायचं, त्याखाली ती जोडलेल्या हातांचं चित्र टाकायची. पूर्वी आमेन ती छाती भरून म्हणायची, आता अंगठ्याचं काम उरलं होतं.

आणि सोसायटीतल्या बायका. वाईट एकही नव्हती, त्या मनापासून बोलवायच्या, वाण द्यायच्या, गुडघ्याला कुठलं तेल लावायचं ते सांगायच्या. आयुष्यभर जिच्या हंड्याशेजारी हंडा ठेवला गेला नाही, तिला समोरच्या बंगल्यातल्या दंतवैद्याच्या आईनं हाताला धरून शेजारी बसवलं, तेव्हा साखरबाईला अंथरुणात पडल्यावर रडू आलं होतं. गुरुवारी ती प्रार्थनेला जायची. राजेश्वरीनं बायकांना सांगून ठेवलं होतं, "सासूबाईंची बैठक असते." कसली बैठक ते कुणी विचारलं नाही, बैठका पुष्कळ असतात. साखरबाईच्या कानावर ते आलं. बैठक तर बैठक, ती म्हणाली, बसूनच करतात की. पुढं पुढं गुरुवारही एकाआड एक झाला.

तर, दगडाबाईला अर्धांगाचा पहिला झटका आला तेव्हा साखरबाई मल्हारच्या गाडीतून तिला बघायला गेली होती. तोंड वाकडं झालं होतं, पण बोलणं शाबूत होतं. तेव्हाच ते मागणं झालं. जोतीराम त्या दिवशी उसाच्या तोडीत अडकला होता आणि मल्हारला परतायची घाई होती.

"जोतीरामला सांगायला पुन्यांदा येते," साखरबाई म्हणाली.

"ये. पर मी हाय तवर ये. मी गेल्यावर सांगशील तर ते पोर बावचळंल."

मग फोन सुरू झाले. दगडाबाई नातवाच्या फोनवरून विचारायची, "कवा येतीस?" साखरबाई म्हणायची, ह्या गुरुवारी. ह्या गुरुवारी स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवायला माणूस आला. पुढच्या गुरुवारी नात छकुलीचं शाळेतलं गॅदरिंग निघालं. त्याच्या पुढच्याला बायकांनी मोरगावला जायचं ठरवलं, आणि साखरबाई देवळात गेली नाही, बाहेर बसून तिनं चपला राखल्या. तेवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली.

"आगं, तुला काय बारामतीनं डांबून ठिवलंय काय?" दगडाबाई एकदा म्हणाली.

"डांबून कशाला ठिवंल? येते म्हनलं ना."

"डांबलं आसतं तर तू आली आसतीस. तुला वळखते मी. कुनी आडवं आलं की तुझ्या पायाला चाकं येत्यात. कुनी आडवत न्हाय म्हनूनच बसलीयास."

साखरबाई हसली. फोन ठेवल्यावर तिला ते हसणं जड गेलं, पण तेवढ्यात मालिका लागली.

दुसऱ्या झटक्यात दगडाबाईची वाचा गेली. जोतीरामचा फोन आला. "मावशी, आई बोलत न्हाय आता. तुमचं नाव काडलं की डोळं उघडती बघा."

"ऐतवारी येते, बाबा. नक्की."

रविवारी सोसायटीच्या मैदानात पैठणीचा खेळ होता.

हा खेळ ज्याला ठाऊक नाही तो मराठी मुलखात नवा आलेला समजावा. मंडप, कर्णे, फिरत्या माइकवर एक चुरचुरीत बोलणारा भाऊजी, आणि शेकडो बायकांतून एकीला पैठणी. साखरबाई दुपारी निघणार होती. तोवर नुसतं बसू म्हणून बसली. राजेश्वरीनं नाव देऊन टाकलं. फुगा फुगवण्यात ती जिंकली. माळरानावर कळपाला हाळ्या घातलेली छाती होती ती. मग उखाणा घ्यायला लावला.

"नीरा-भीमेच्या संगमाला पाणी आलं भरून, गेणूरावांचं नाव घेते समद्यांचा मान धरून."

मंडपात टाळ्या पडल्या. भाऊजी म्हणाला, "आजी, तुम्ही फायनलला." दंतवैद्याच्या आईनं तिच्या पाठीवर थाप मारली. साखरबाईला लाजल्यासारखं झालं, आणि खूप बरं वाटलं. एवढी माणसं एकाच वेळी तिच्या बाजूनं कधीच नव्हती.

तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी, आई गेली." जोतीराम.

"कवा?"

"आत्ता मघाशी. पावनं जमाया लागल्यात. माती आजच करायची म्हनत्यात समदी."

माती. शब्द ऐकून साखरबाईच्या छातीवरचं काहीतरी क्षणभर हललं. माती म्हणाला, म्हणजे म्हातारीनं कसंतरी सांगितलं असणार. आणि दुसऱ्याच क्षणी तिला कळलं की तसं काही नाही. त्या मुलखात माणूस पुरा नाहीतर जाळा, दोन्हीला मातीच म्हणतात. गेणूच्या चुलत्याला लाकडावर ठेवला होता, आणि तीही 'मातीलाच' गेली होती. ख्रिस्ती माणसाच्या तोंडात माती म्हणजे खड्डा. जोतीरामच्या तोंडात माती म्हणजे नुसतं मरणाचं कार्य.

म्हणजे आता स्पष्ट सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं: जोतीराम, आईला जाळायचं न्हाय, पुरायचं हाय, ती ख्रिस्ती हुती. जिभेवर येऊन बसलं होतं. कर्णे वाजत होते, म्हणजे ते ओरडून सांगावं लागलं असतं, दोनदा, तीनदा. डाव्या बाजूला दंतवैद्याची आई, उजव्या बाजूला राजेश्वरी आणि तिच्या भिशीच्या मैत्रिणी. म्हातारी बाई फोनवर बोलू लागली की आजूबाजूच्यांचे कान आपोआप तिकडं वळतात, तसे ते वळले होते. कुणी धमकावत नव्हतं, कुणाच्या हातात दगड नव्हता. पेपर प्लेटांमध्ये वेफर्स होते.

"मी आल्याबिगर माती करू नका," साखरबाई ओरडून म्हणाली.

"न्हाय करत. पर बिगी या. दिस मावळायच्या आत..." पुढचं कर्ण्यात गेलं.

पेत्रानं आपण प्रभूला ओळखत नाही असं सांगितलं तेव्हा कोंबडा आरवला होता. सोसायटीत कोंबड्या पाळायला बंदी आहे, त्यामुळं तसलं काही झालं नाही.

"कोण होतं, आई?" राजेश्वरीनं विचारलं.

"वाडीचं. दगडाबाई जास्त हाय." गेली म्हटलं असतं तर उठावं लागलं असतं. मेलेल्या बाईला साखरबाईनं एका फेरीपुरतं जिवंत ठेवलं.

तिनं मल्हारला फोन लावला. तो म्हणाला, गाडी घेऊन निघालोय, पोचतोच. मग तो येईपर्यंत करायचं काय, असं तिनं स्वतःला विचारलं, आणि उत्तरादाखल भाऊजीनं तिचं नाव पुकारलं. कागदी पेल्यांचा मनोरा रचायचा होता. मनोरा शेवटच्या पेल्याला कोसळला. पैठणी दंतवैद्याच्या आईला गेली. साखरबाईला दुसरं बक्षीस, इडलीपात्र, आणि ते मोठे पाहुणे आल्यावरच मिळणार होतं म्हणून मंडपाच्या कडेला तिनं आणखी थोडी कळ काढली. मल्हार बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होता.

गाडीत बसल्यावर तिनं त्याला दगडाबाई गेल्याचं सांगितलं. मल्हारनं एकदम तिच्याकडं पाहिलं, मग तिच्या मांडीवरच्या खोक्याकडं, आणि गाडी दामटली. पण हंगाम उसाचा. इंदापूरपर्यंत ट्रॅक्टरच्या मागं ट्रॅक्टर, प्रत्येकाच्या मागं दोन ट्रॉल्या, आणि प्रत्येक ट्रॉली अशी भरलेली की पुढचा रस्ता सोडाच, आभाळ दिसू नये.

"मल्हार, त्यांनी जाळली आसंल का रं?"

"माती म्हणाले ना?"

"माती समदेच म्हनत्यात."

मल्हारनं ट्रॉलीमागं ब्रेक दाबला. "मग तू विचारायचं नाही का?"

"बायका हुत्या शेजारी."

त्या बायकांचा धाक तिला कुणी शिकवला ते मल्हारला माहीत होतं.

वाडीत घराला कुलूप. एका म्हातारीनं हात करून सांगितलं, संगमावर नेली. साखरबाईनं संगम हा शब्द ऐकला आणि पुढं काही विचारलं नाही. नीरेच्या काठानं जाताना धूर आधीच दिसला.

घाटावर बायका सहसा येत नाहीत, पण तिला कुणी अडवलं नाही. माणसं बाजूला सरली. जोतीराम ओल्या अंगानं, टॉवेल गुंडाळून पुढं आला. डोळे सुजलेले. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"लई वाट बघितली, मावशी. भावकी म्हनाली उचला, मी म्हनलं मावशी आल्याबिगर न्हाय. पार दिस बुडाय लागला, मग इलाज ऱ्हायला न्हाय." त्यानं नाक पुसलं. "वाडीच्या मसनवट्यात न्हाय नेली तिला. म्हनलं संगमावर न्यावी. जलमभर खस्ता खाल्ल्या तिनं, शेवट तरी चांगल्या जाग्याला हुईल. बोलनं जायच्या आदी मला म्हनली हुती, मला माती दे, साखरबाईच्या हातनं दे. म्हनलं, देतो आई. समदं येवस्थित केलं बघा."

साखरबाई आगीकडं पाहत राहिली. त्यानं आईचा शब्द पाळला होता. त्याला कळला तसा, मोठ्या खर्चानं आणि मायेनं पाळला होता, आणि त्या शब्दाचा दुसरा अर्थ सांगायला एकच माणूस जगात होतं, ते इडलीपात्र घेऊन उशिरा आलं होतं.

जोतीरामनं खाली वाकून गोवरीचा एक तुकडा उचलला आणि तिच्या हातावर ठेवला. "तुमच्या हातनं, मावशी."

सगळे तिच्याकडं बघत होते. एके काळी ह्याच माणसांच्या बापांसमोर ती विहिरीवर उभी राहून म्हणाली होती, पाणी नका देऊ, मी येशूला सोडणार नाही. तिनं गोवरी आगीत टाकली.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर ती बारामतीतल्या पाळकांसमोर जाऊन बसली. हे नवे, तरुण, चांगले शिकलेले. लुनावाले पाळक कधीच देवाघरी गेले होते. तिनं सगळं सांगितलं, पेल्यांच्या मनोऱ्यासकट. पाळकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मावशी, मनाला लावून घेऊ नका. देवाला काय माती आणि काय राख. तो राखेतूनही उठवील तिला."

"ती उठंल," साखरबाई म्हणाली. "तिची मला काळजी न्हाय. ती उठल्यावर मी तिच्या म्होरं कुठल्या तोंडानं उबी ऱ्हाऊ, ते सांगा."

पाळक म्हणाले, क्षमा आहे. ती म्हणाली, व्हय, हाय. मागं पोरं साउंडच्या वायरी गुंडाळत होती.

त्या आठवड्यात तिनं क्रूस फ्रिजमागून काढला, पुसला आणि हातात धरून घरभर हिंडली. लावावा कुठं ते सुचेना. खिळा मारलेली प्रत्येक जागा कशानं तरी अडली होती. पहाटे उठून गुडघ्यावर बसली. शब्द सगळे आले, ओळीनं, पाठ असलेले. पूर्वी त्या शब्दांच्या पलीकडं कुणी असायचं. आता टाइल्स गार लागत होत्या एवढंच कळत होतं. तिला दुःख झालं नाही, आणि त्याचीच तिला भीती वाटली. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलेल्या हिरडीसारखं होतं ते. बोट लावलं तर बोटाला कळतं, हिरडीला नाही.

मग तिनं ठरवलं की जोतीरामला सांगायचं. ह्यानं दगडाबाईचं काही भलं होणार नव्हतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पण न सांगणं म्हणजे तेच वाक्य पुन्हा गिळणं, आणि एकदा गिळलेलं अजून खाली उतरलं नव्हतं. मल्हार म्हणाला, "आता कशाला त्याला?" तिनं गाडी मागितली नाही. ती एसटीनं गेली.

दहावं होऊन गेलं होतं. जोतीराम गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता, डोकं भादरलेलं. त्यानं तिला खाट टाकली, चहा सांगितला. ती बसली नाही. चहा येण्याआधीच तिनं सांगून टाकलं. आईनं बाप्तिस्मा घेतला होता. माती म्हणजे तिला पुरायला हवं होतं, जाळू नका असं तिनं स्पष्ट म्हटलं होतं. ते तुला सांगायचं काम माझं होतं आणि मी आले नाही. फोनवरही सांगता येत होतं, सांगितलं नाही.

जोतीरामच्या हातातलं घमेलं तसंच राहिलं. म्हशीनं मान लांब करून त्यातलं खाल्लं.

"का न्हाय सांगितलं, मावशी?"

"लाज वाटली."

"कुनाची?"

तिला नाव सांगता येईना.

"आमी काय न्हाय म्हनलो आसतो व्हय?" तो हळूच म्हणाला. "बांधाला आमचीच जागा हुती. मी सोता खड्डा खांदला आसता. भावकीशी भांडलो आसतो. म्या तिला शब्द दिला हुता." त्यानं घमेलं खाली ठेवलं. "मी तिला हातानं अग्नी दिला की वो."

"तुझा दोस न्हाय, बाबा. माझा हाय."

"दोस तुमचा. पर हात माझं हायती." त्यानं दोन्ही पंजे समोर धरले, जणू ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले आणि टॉवेलला पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"थोडी राख..." साखरबाई चाचरली. "थोडी आसंल तर बांधाला मातीत ठिवू."

"न्हाय ऱ्हायली. तिसऱ्या दिवशीच संगमात सोडली समदी."

आतून त्याची बायको चहा घेऊन आली, दोघांची तोंडं पाहून तिथंच ठेवून परत गेली. जोतीरामनं दारापर्यंत जाऊन ती लांब गेल्याची खात्री केली.

"हे आजून कुनाला सांगितलंया?"

"आमच्या पाळकास्नी. मल्हारला."

"बास. हितं कुनाला सांगू नका. धाकट्या भावाला तर न्हायच न्हाय. त्येला वाटतंय आईचं समदं सोनं झालं. त्येचं तसंच ऱ्हाऊ द्या."

"आरं, पर ती ख्रिस्ती हुती, हे कुनीतरी..."

"तवा सांगायचं हुतं, मावशी. आता गप ऱ्हावा."

वाळीत टाकलं तेव्हा वाडीनं तिला गप राहायला सांगितलं होतं आणि ती राहिली नव्हती. आज सांगणारा दगडाबाईचा लेक होता, आणि त्याचं बरोबर होतं.

चहा निवला. जाण्याआधी तिनं विचारलं, "हितं, तिच्या खाटंपाशी, प्रार्थना करू का?"

जोतीराम म्हशीकडं वळला होता. त्यानं मागं न बघता सांगितलं, "करा की. पर मनातल्या मनात."

साखरबाई आत गेली. खाटेवरची वाकळ काढलेली होती, नुसता काथ्या दिसत होता. ती गुडघ्यावर बसली, डोळे मिटले, आणि ओठ घट्ट दाबून धरले, आतून काही येतंय का ते बघत.